कोन किती वाढला?

साध्या दवाखान्यात किस्से फार साठत नाहीत. पेशंट येतो, गोळ्या घेतो, जातो. फिजिओथेरपीचं तसं नसतं. तोच माणूस तोच खांदा घेऊन महिनोन्‌महिने येतो, शेजारच्या खाटेवरचाही तोच असतो, आणि मधेच लोडशेडिंग झालं की मशिनं बंद पडतात. मग बोलण्याशिवाय करणार काय? आमच्या कामतघरच्या सेंटरमधले माझे निम्मे किस्से मला गेलेल्या विजेनेच दिलेत.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. मी टेमघरची, नुकती शिकून बाहेर पडलेली. बाबा सरकारी कचेरीत कारकून. विहारात कुणीही भेटलं की ते सांगायचे, "मुलगी अमेरिकेला जाणारे. इथे आपलं तात्पुरतं करतेय." माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुली खरोखरच गेल्या होत्या. मी तिथल्या परीक्षेचा अभ्यास करत होते. कुणी नुसतं "काय, कसं काय?" विचारलं तरी मला वाटायचं, निकाल विचारतोय.

*

सर म्हणजे सेंटरचे मालक. त्यांचं एकच म्हणणं: "मापल्याशिवाय बोलायचं नाही." सांधा किती वाकतो ते बघायला कोनमापकासारखी प्लास्टिकची पट्टी असते, ती त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिली. पेशंटचा कोन वाढला तर आपण पास. नाही वाढला तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला कळलं.

माझे पहिले पेशंट हिराजीकाका. कल्याण रस्त्यावरच्या कोन गावचे. शेतांवर गोदामं उभी राहिलेली, दारात दोन गाड्या. अर्धांगाचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता. आठवडाभर मी त्या हाताशी झगडले. मग सर आले आणि त्यांनी विचारलं, "काय काका, कोन किती वाढला?"

काकांनी उसासा टाकला. "लय वाढला, सर. जिथं बघावं तिथं गोदाम. आता वळखू पन येत न्हाय."

मला हसू आलं. सर म्हणाले, "मॅडम, खांदा मापा."

मापला. जेमतेम हलला होता. दुपारचा डबा मी तसाच घरी नेला.

*

हळूहळू काकांचा हात वर यायला लागला. खांद्याच्या वर गेला त्या दिवशी त्यांचा मुलगा पेढे घेऊन आला. सर खूश. काका मात्र मान खाली घालून बसलेले.

"बाबा, हसा की. हात वर गेला तुमचा."

"वर नेऊन काय करू? वर काय हाय?"

मी विचारलं, "मग तुम्हाला काय करायचंय, काका?"

त्यांनी मुलाला गाडी बघायला बाहेर पाठवलं. मग अगदी हळू म्हणाले, "बाय, मना माझी नाडी मीच बांधाची हाय. पायजम्याची. सकाळी पोरगा बांधतो. पोरगा नसंल तं..." घरात दुसरं कोण होतं ते मला ठाऊक होतं. सून.

दुसऱ्या दिवशी मी पट्टी बाजूला ठेवली आणि खाटेच्या दांडीला एक जुनी नाडी अडकवली. तासभर आम्ही दोघं गाठी मारत बसलो. नेमके सर आले. "मॅडम, हा व्यायाम कुठल्या पुस्तकात आहे?"

नोकरी गेली असंच वाटलं.

काकाच बोलले, "पुस्तकात कसा असंल, सर? लिवणारा इलास्टिक घालीत असंल."

*

शालिनीबाईंचा खांदा आखडलेला होता. हायस्कूलच्या शिक्षिका, रिटायर व्हायला आलेल्या. हात मागे जाईना, अंबाडा घालता येईना, कूस बदलली की कळ. आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस, त्यांना सवयच होती. रोज उठताना मला मार्क देऊन जायच्या. "आज दहापैकी सहा." "आज पाच. लक्ष नव्हतं तुझं."

इतर लोक हसायचे. मी मात्र ते मार्क घरी घेऊन जायचे. साडेसात मिळाले त्या दिवशी रिक्षा न करता चालत गेले, इतकी हलकी झाले होते. दुसऱ्या दिवशी चार.

एकदा खांद्यावर शेकाची पिशवी ठेवून मी दुसऱ्या खाटेकडे गेले. परत आले तर बाई गुपचूप पडलेल्या. उठल्या, पदर सारखा केला, चप्पल घालून निघाल्या. मार्क नाहीत. मी घाबरून मागे गेले. "बाई, आज किती?"

"आज मी तपासलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "मला झोप लागली होती."

*

अन्सारीभाई पॉवरलूमवर कामाला. पट्ट्यात हात जाऊन बोटांच्या शिरा तुटल्या होत्या, टाके घालून जोडलेल्या. मुठीची ताकद बघायला आमच्याकडे काट्याचं एक यंत्र होतं. ते दाबायला दिलं की काटा हलायचा आणि दमून थांबायचा. सर कपाळाला आठ्या घालत. मी ओशाळून जाई.

एका रविवारी ते मला बाजारात दिसले. खांद्यावर लेक, आणि त्याच दुखऱ्या हातात पाण्याने भरलेला कॅन. मला बघितलं आणि कॅन हळूच खाली ठेवला.

सोमवारी त्यांनी यंत्र दाबलं. काटा पार पलीकडे गेला.

"हाथ अच्छा, मतलब कल से ड्युटी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "ड्युटी से लौटता हूँ तो बच्ची सोई रहती है, मॅडम. अभी तो दिनभर बात करती है मुझसे. मुझे मालूम नहीं था, इतना बोलती है."

मी काय करू? घरी पगार येत नव्हता, तेही खरंच होतं. धीर करून सरांना सगळं सांगितलं. सर उठले, अन्सारीभाईंसमोर यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

"बिगडा हुआ है," ते म्हणाले. "शनिवार को देखेंगे."

शनिवारी बघितलं. सोमवारी अन्सारीभाई ड्युटीवर गेले.

*

माझा निकाल ईमेलने आला. बाबा सायबर कॅफेच्या बाहेर उभे होते, आत यायचा धीर त्यांना झाला नाही. मी नापास होते. थोडक्याने, पण नापास. कॅफेवाल्याने विचारलं, "प्रिंट काढू?"

बाहेर आले तर बाबांनी तोंडाकडे पाहिलं आणि "उसाचा रस पिऊ या" म्हणाले. रसाच्या दुकानात त्यांनी दोन मोठे ग्लास सांगितले.

पुढच्या पौर्णिमेला विहारात कुणीतरी विचारलंच. बाबा म्हणाले, "मुलगी इथेच करतेय." तात्पुरतं म्हणाले नाहीत. ते ऐकून मला बरं वाटलं की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही.

*

निकालाच्याच आठवड्यातली गोष्ट. बारकूबाई म्हणून खाडीकाठच्या एक म्हाताऱ्या बाई यायच्या. पडून खुबा मोडलेला, ऑपरेशन झालेलं. हाड छान जुळलं होतं, पण पडल्यापासून त्या बोलतच नव्हत्या. खायला दिलं तर खायच्या, उठवलं तर उठायच्या. सून रोज घेऊन यायची आणि रोज तेच सांगायची, "सर, आमची आई घरात बोलली न्हाय तर घर खायला उठतं. शिव्या तरी देऊ दे."

सरांनी चालण्याची परीक्षा ठेवली. खुर्चीतून उठायचं, वॉकर धरून दारापर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. किती वेळ लागतो त्यावर निकाल. सर घड्याळ घेऊन उभे राहिले. मी मागे, पडल्या तर धरायला. त्या आठवड्यात आणखी एक नापास मला झेपलं नसतं.

"चला आजी," सर म्हणाले.

बारकूबाई उठल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. दारापर्यंत गेल्या. सर म्हणाले, "शाब्बास. आता वळा."

त्या वळल्या नाहीत. वॉकर उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला, मागोमाग पाय टाकला आणि गल्लीत उतरल्या. मी धावले. समोर भिंतीच्या सावलीला एक बाई पाटी घेऊन सुकी मासळी विकत बसलेली. बारकूबाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. वाकल्या. मूठभर जवळा उचलला, नाकाशी नेला आणि परत पाटीत टाकला.

"यो जवला हाय का भुसा?" त्या म्हणाल्या. "कसा दिलास गो?"

मासळीवालीने भाव सांगितला. बारकूबाईंनी तिला जे काही ऐकवलं ते आख्ख्या गल्लीने ऐकलं.

दारात सर उभे होते, हातातलं घड्याळ चालूच. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, काय लिहायचं?"

मी काही बोलायच्या आत सून पदराने डोळे पुसत पुढे आली.

"सर," ती म्हणाली, "तुमच्याकडे जवल्याला एखादी पिशवी हाय का?"