मंगळाचं पुस्तक

कोल्हापुरात जुनी पुस्तकं विकणारे माझे एक परिचित आहेत. ते मान वर न करता, खेकसूनच बोलतात. लहानपणी मी ताईची आवडती विज्ञान कादंबरी रद्दीत घातली आणि हरवली म्हणून सांगितलं. ते खोटं अजून बोचत होतं. नावातला ‘मंगळ’ तेवढा आठवत होता. वर्षभर मी मंगळाचं पुस्तक मागायचो, ते "न्हाय" म्हणायचे.

परवा मी म्हणालो, "अहो, मंगळावर विहीर खणतात, ती गोष्ट."

त्यांनी मान वर केली. "गोष्ट व्हय? मला वाटलं, पोरीच्या पत्रिकेत मंगळ हाय. असली पुस्तकं मी पोरीच्या बापाला देत न्हाय, पावणं."

बाकाखाली दडवलेल्या ज्योतिषाच्या गठ्ठ्यातून त्यांनी ती कादंबरी काढली; नावात मंगळ म्हणून तीही त्यातच बांधली गेली होती.

ती ताईच्या हातात ठेवून मी खरं सांगितलं. "ठाऊक होतं मला," ती म्हणाली आणि चष्मा शोधू लागली.