दोनदा मंदावलेला दिवा

भुताखेतांची पत्रं या मासिकात येतात ती मी आजवर हसत वाचत आलो. आमच्या घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. वडिलांनी शेतात राबून मला पुण्याला शिकवलं ते असल्या गोष्टी लिहायला नव्हे. तरी लिहितो आहे... कारण माझा संशय अजून फिटलेला नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी नोकरीला आहे. चरकाचे मोडके भाग वितळवून नवे ओतायला इथे विजेची भट्टी आहे, ती माझ्या ताब्यात. कोळसा नाही, सरपण नाही. बारामती स्टेशनवरून गाड्या भरून येणारं मोडकं लोखंड आत टाकायचं आणि झाकणातून कार्बनचे जाड दांडे खाली सोडायचे. दांडा लोखंडाला टेकला की वीज धावते. जरासा उचलला की मधल्या फटीत ती पेटून राहते — नुसत्या डोळ्यांनी बघवत नाही — आणि त्या धगीत पोलादाचं पाणी होतं. वर तरंगणाऱ्या घाणीला आमचे लोक मळीच म्हणतात. साखरेची सवय, दुसरं काय.

भट्टीला वीज कारखान्याच्या पॉवर हाऊसची, आमच्या क्वार्टर्सनाही तिथलीच. त्यामुळे दांडा टेकला की घराघरांतले दिवे मंदावतात.

भट्टीवरचे जुने मिस्त्री आबा दांडा दोनदा नुसता टेकवून उचलायचे, माणसांनी मागं सरावं म्हणून. तिसऱ्यांदा भट्टी पेटवायचे. उन्हाळ्यात आबा तापानं गेले. दांडे फुकट झिजतात म्हणून मी ती पद्धत बंद केली. आबांचा भाचा बाबूराव, निरवांगीचा, आमच्याकडे वायरमन आहे. त्याला ते झोंबलं.

मग दर रविवारी, भट्टी बंद असताना, दिवेलागणीला दिवे दोनदा मंदावू लागले. बायका म्हणाल्या, आबा आले. मी म्हटलं, बाबूराव आला. मॅनेजरसाहेबांना सांगून ठेवलं — पुराव्यानिशी पकडतो, मग काढून टाका. साहेब तयार झाले.

पुढच्या शनिवारी सोमवारसाठीचं लोखंड भट्टीत भरून झालं, तशी मी मुख्य स्विचची मूठच काढून घरी आणली. तिच्याशिवाय भट्टीला वीज मिळत नाही. रविवारी संध्याकाळी बाबूरावला चहाला बोलावलं. मूठ टेबलावर, तो समोर.

"साहेब, च्याला बोलावलंय का पहाऱ्याला?"

"दोन्हीला. बस."

"मग बाईसायबास्नी साखर जास्त घालाय सांगा. कारखाना आपलाच हाय."

दिवा मंदावला. सावरला. पुन्हा मंदावला...

बाबूरावची बशी ओठांशी तशीच राहिली. "मी हितंच हाय न्हवं?"

"चोरवायर कुठं टाकलीस?"

"झडती घ्या भट्टीची. न्हाय घावली तर माझी नोकरी ऱ्हाईल का, तेवढं बोला."

"राहील."

सोमवारी सकाळी मी भरलेली भट्टी रिकामी करायला लावली. लोक कुरकुरले. वायर तळाशी असणार याची मला खात्री होती.

वायर निघाली नाही. निघाला वाफेच्या पाइपचा एक तुकडा, दोन्ही टोकं ठोकून बंद केलेला. हलवला तर आत पाणी डुचमळलं. वितळत्या पोलादात असं कोंडलेलं पाणी गेलं की बॉम्बसारखी वाफ फुटते. तो पाइप आत राहिला असता तर भट्टीभोवतीचा एकही माणूस वाचला नसता.

पॉवर हाऊसमधला माणूस शपथेवर सांगतो की रविवारी भट्टीच्या लाइनच्या मीटरचा काटा दोनदा उडाला. मूठ माझ्या टेबलावर असताना. तो बाबूरावला सामील असेल. दोघांना पाइप माहीत असेल, आणि सरळ सांगायची भीती वाटली असेल. बाबूरावला मी तोंडावर विचारलं.

"ठावं असतं तर रविवारपत्तूर थांबलो असतो व्हय? त्या भट्टीम्होरं मीबी उभा ऱ्हातो."

त्याची नोकरी राहिली. दांडा दोनदा टेकवायची पद्धतही मी पुन्हा सुरू केली.

रविवारी मूठ मात्र मी अजून घरी आणतो. टेबलावर ठेवून दिव्याकडे पाहत बसतो. त्या सोमवारपासून एकाही रविवारी दिवा हललेला नाही.

मला त्याचाही संशय येतो.