बोलक्या पुस्तकांचं उद्घाटन

नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला रत्नागिरीतलं ते सभागृह आठवतं आणि अजून डोकं तडकतं. अंधांसाठी बोलक्या पुस्तकांच्या ॲपचं उद्घाटन होतं. काचबिंदूनं माझे डोळे जाऊन चार वर्षं झाली होती. आता आपलं आपण पुस्तक लावून ऐकता येईल, या आशेनं मी वहिनीला घेऊन पावस गावाहून एसटीनं आले होते. दोन तास भाषणं झाली. आमच्या अंधाराबद्दल प्रत्येक वक्त्याला फारच सुचत होतं. मग मला मंचावर नेलं, शाल घातली, कानात इअरफोन खुपसले आणि हातात फोन दिला. बोटाखाली जे येईल त्याचं नाव फोन बोलून सांगतो, म्हणून मी पडद्यावर बोट फिरवलं. फोन म्हणाला, “बटण.” बोट पुढे नेलं, पुन्हा “बटण.” पुस्तकाचं नाव नाही, लेखकाचं नाही. ॲप काढणारे साहेब शेजारीच उभे होते. त्यांना मी हळूच म्हटलं, “पुस्तक कुठलं तेच कळत नाही हो.” ते म्हणाले, “मुखपृष्ठांची चित्रं आहेत ना, बाई. घरच्यांना सांगायचं, लावून देतील.” मी विचारलं, “घरच्यांना वेळ असता तर त्यांनीच वाचून नसतं का दाखवलं?” त्यावर साहेब म्हणाले, “जरा कॅमेऱ्याकडे बघा.” दुसऱ्या दिवशी वहिनीनं पेपरातली फोटोखालची ओळ वाचली: ‘श्रवणानंदात तल्लीन भगिनी.’ हल्ली मी दुसऱ्या एका ॲपवर रोज ऐकते, कुणाला न विचारता. साहेबांचे सत्कार मात्र अजून चालू आहेत, आणि वहिनी सांगते, दर वेळी माझाच फोटो लावतात.