दुसऱ्या टपाची दया

"ती रोज एकालेच ढवळस. दुसराना काय गुन्हा शे?"

काकू गच्चीवर शेजारच्या खालांशी बोलत होती. मी वही धरून जिन्यातच थांबले. वर गेलं की दोघींशी बोलावं लागतं.

दुसरा म्हणजे माझा दुसरा टप. मी कॉलेजात समुद्रातल्या गवताचा अभ्यास करते. नंदुरबारला समुद्र नाही, म्हणून सुट्टीत तापीतून तसंच पाण्याखाली वाढणारं, पट्टीसारख्या पानांचं गवत आणून दोन टपांत लावलं होतं. होड्या, जाळी, माणसांचे पाय अशा गवताला छळतात. तो छळ म्हणून पहिला टप मी रोज सकाळी काठीने दहा वेळा ढवळायचे. दुसऱ्याला कुणी हात लावायचा नाही. छळलेलं गवत पसरायचं थांबतं, की उलट फुलायला लागतं, हे मला बघायचं होतं. घरात सगळे त्याला शेवाळ म्हणत. "पोर समुद्रवर शिकाले गयी नि शेवाळ लई उनी," हे काकूने येईल त्या पाहुण्याला सांगितलं होतं.

पाच आठवडे दोन्ही टप सारखेच वाढले. 'ढवळल्याने काही फरक पडत नाही,' असं मी कालच वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. तेच उद्या मॅडमना पाठवायचं होतं.

"म्हनीसन ती खाले गयी का मी त्याले बी ढवळस," काकू म्हणाली. "ताकनी रवी लीसन, हळूहळू."

मला आधीच कळायला हवं होतं. लहानपणी चुलतबहिणीला ताप आला तरी काकू काढा दोघींना पाजायची. एकीला द्यायचं आणि दुसरीला नाही, हे तिच्याच्याने होत नाही.

"तू धानोरा गयी थी शादी में," खाला म्हणाल्या, "तब मैं घुमाई ना. दोनों को."

"बरं करं माय."

जिन्यात बसून मी ते वाक्य खोडलं. रेघाही खोडल्या. मग नाइलाजाने वर गेले.

"ये वं, दख," काकूने रवीनेच दाखवलं. दुसऱ्या टपात स्प्रिंगसारख्या देठावर तांदळाएवढं पांढरं फूल पाण्याला टेकलं होतं. पहिल्यात एकही नव्हतं. "मन्हा टपले फूल उनं." टप आता तिचा झाला होता.

न ढवळलेला टप माझ्याकडे कधी नव्हताच. पण एक जोरात ढवळलेला होता आणि एक हळू. मी वहीत दोन नवे रकाने आखले: काठी आणि रवी. रवीचा रकाना भरायला मात्र विचारावं लागणार होतं. घरातली अहिराणी मला कळते, पण उत्तर मी शाळेतल्या मराठीत देते, नाहीतर नुसती मान हलवते. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"काकू, मी धा डाव ढवळस. तू कितला डाव?"