निवण्याआधी

जर्मनीत राहून आलेली माझी बायको तिथलं बटाट्याचं गरम सॅलड करायची. ती गेल्यावर आज पहिल्यांदाच मी ते करायला घेतलं. सवयीनं उकडलेले बटाटे निवायला ठेवले, तर मुलगी म्हणाली, "बाबा, उपासाची भाजी करताय का? गार बटाटा काही पिऊन घेत नाही."

बोटं पोळवत सोलले, चकत्या केल्या, वर कांदा घातलेलं कढत व्हिनेगर ओतलं. भांड्यात साचलेलं ते आंबट तळं बघता बघता बटाट्यांत मुरून गेलं. थेंबही उरला नाही. मी थक्क होऊन पाहत राहिलो.

दुःख जरा निवल्यावर विचारू, म्हणून सहा महिने गिळलेला प्रश्न मी मुलीला विचारला, "शेवटी आई तुझ्याशी काय बोलली गं?"