धुण्याच्या खोलीतला फ्रीझर

डल्सीने उंदीर ओकून टाकलेला दिसला तेव्हा ग्लेनिस हार्टिगनला आधी नुसती काळजी वाटली. राग नंतर आला, आणि आला तो गेलाच नाही.

डल्सी म्हणजे तिचा अजगर, कार्पेट जातीची मादी. मुलगा ऱ्हिस खाणीत कामाला पश्चिमेला गेला तेव्हा "आई, फक्त नाताळपर्यंत सांभाळ" म्हणून ठेवून गेला होता. त्याला आता दोन पोरं झाली. सुरुवातीला ग्लेनिस काचेच्या पेटीजवळ जाताना देवाचं नाव घ्यायची. पुढे अजगर पाळायचा परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. नवरा गेला, ऱ्हिसचे फोन कमी झाले, आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर दिव्याच्या उबेत वेटोळं घालून पडलेली ती म्हातारी बघितली की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. बंडाबर्ग गावात बायका मांजरं पाळतात, कोंबड्या पाळतात. ग्लेनिसने अजगर पाळला, आणि त्याबद्दल कुणाला कधी उत्तर दिलं नाही.

जन्मभर तिने वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम केलेलं. कच्चं मांस खाली, शिजलेलं वर, एकाचा सुरा दुसऱ्याला नाही, हे तिच्या हाडांत भिनलेलं. घरातही तेच. स्वयंपाकघरातला फ्रीझर माणसांचा: वाटाणे, मासे, आइस्क्रीम. मागच्या धुण्याच्या खोलीतला डल्सीचा: गोठवलेले उंदीर, एकेक वेगळ्या पिशवीत, मग घट्ट झाकणाच्या डब्यात, जुने वर आणि नवे खाली. त्यांचा चिमटा वेगळा, बादली वेगळी. आदल्या रात्री एक उंदीर काढून त्याच खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये डब्यात ठेवायचा, सकाळी पिशवीसकट गरम पाण्यात धरायचा, मग कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. मायक्रोवेव्ह नाही. स्वयंपाकघरातलं सिंक नाही. आणि एकदा वितळलेला परत गोठवायचा नाही, कधीच नाही. फ्रीझरच्या प्लगच्या बटणावर तिने दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली होती, म्हणजे कुणी चुकूनही हात लावू नये.

"तुझ्या मॅडमचा थाट माझ्यापेक्षा बरा आहे," नेव्हिल म्हणायचा.

नेव्हिल तिचा धाकटा भाऊ. बायकोने घराबाहेर काढल्यापासून, म्हणजे हिवाळ्यापासून, मागच्या पडवीतल्या खोलीत राहत होता. तात्पुरता. आला तेव्हा एक बॅग आणि बिअरचा फ्रिज घेऊन आला होता.

थंडीत डल्सी काही खात नाही. ऊन तापायला लागलं तसं तिने डोकं वर काढलं, तेव्हा ग्लेनिसने हंगामातला पहिला उंदीर दिला. देताना त्याचं पोट जरा मऊ लागलं. तिला वाटलं, गरम पाण्यात जास्त वेळ राहिला असेल. दोन दिवसांनी पेटीत तो घाण वास, आणि कोपऱ्यात डल्सी, कुणीतरी पिळून टाकल्यासारखी.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "आता तिला अजिबात हात लावू नका. ऊब द्या, पाणी ठेवा. दोन आठवडे खायला काही नको. मग अगदी लहानसा उंदीर देऊन बघा. पुन्हा ओकली तर... वय झालंय हो तिचं. आणि एक सांगा, उंदीर मधे कधी वितळले होते का?"

"माझ्या घरात?" ग्लेनिस म्हणाली. पण फोन ठेवून ती सरळ धुण्याच्या खोलीत गेली.

फ्रीझरच्या कोपऱ्यात बर्फाचा पेला होता आणि त्या बर्फावर पाच सेंटचं नाणं. वादळात वीज जाते त्या गावातल्या बायका हे करतात. नाणं वर असेल तर सगळं ठीक. बुडालेलं असेल तर मधे बर्फाचं पाणी झालं होतं आणि पुन्हा बर्फ झाला, कुणी काही सांगो.

नाणं पेल्याच्या तळाशी होतं.

या महिन्यात वादळ नव्हतं. वीजही गेली नव्हती. तिने बटणाकडे बघितलं. चिकटपट्टी होती, पण तिरकी. कडेला धूळ न बसलेला पट्टा होता, तिथे ती आधी चिकटलेली होती.

नेव्हिल अंगणात खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"फायनलच्या वेळी मी हर्वी बे गावाला गेले होते," ग्लेनिस म्हणाली. "तेव्हा तुझा बिअरचा फ्रिज कुठे लावला होतास?"

"कुठे म्हणजे? मागे."

"मागे कुठे?"

"अगं, पोरं येणार होती मॅच बघायला. उन्हात बिअर काय गरम पाजायची?"

"नेव्हिल. कुठल्या प्लगला?"

त्याने कान खाजवला. "शनिवारी संध्याकाळी फ्रीझरचा प्लग काढून लावला आणि सोमवारी सकाळी काढला. तेवढ्यात काय होतंय? झाकण तर उघडलंच नव्हतं."

"सोमवारी उघडलंस की नाही?"

त्याने पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"उघडलंस. मऊ लागले की नाही?"

"थोडेसे," तो म्हणाला. "अगं, पण परत कडक झाले ना! दगडासारखे! आणि उंदीर आहेत ते, ग्लेन, राणीचं जेवण नाही."

तिथे तिच्या मस्तकात तिडीक गेली. कारण नेव्हिल खाटीक होता. तीस-पस्तीस वर्षं त्याने दुकानात मांस विकलं होतं. एकदा रात्री त्याच्या दुकानाचा शीतकक्ष बंद पडला, तेव्हा सकाळी त्याने सगळा माल रडत रडत फेकून दिला होता. एक सॉसेज ठेवलं नव्हतं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर ती म्हणाली असती, बिचाऱ्याला कळलं नाही.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "हात लावल्याबरोबर तुला कळलं. आणि तू काय केलंस? बटण चालू केलंस आणि माझी पट्टी परत चिकटवलीस. फ्रिज लावलास तो गाढवपणा होता. पट्टी चिकटवलीस तो गाढवपणा नव्हता."

"सांगितलं असतं तर तू अशीच ओरडली असतीस."

"हो! ओरडले असते! आणि उंदीर फेकून नवे आणले असते, आणि ती आत अशी पडली नसती!"

शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. नेव्हिल म्हणाला, "हळू बोल, लोक ऐकतात."

"ऐकू देत."

सगळे उंदीर तिने त्याच्याकडून दुहेरी पिशव्यांत बांधून घेतले, फ्रीझर त्याच्याकडूनच धुऊन घेतला. दुपारच्या उन्हात, हातमोजे घालून, ती दाराशी उभी असताना. "कोपरे," ती म्हणायची. "ते रबर उचल. खाली." तो घासत होता. माश्या घोंघावत होत्या.

मग वाट बघणं. कामावरून आली की ती चपला न काढता पेटीजवळ जायची. डल्सी पाणी प्यायली का, जीभ बाहेर काढते का. हात लावायचा नाही म्हटल्यावर हात लावावासा वाटायचा. या दिवसांत नेव्हिल शहाण्यासारखा वागला. गवत कापलं, भांडी घासली, एकदा तर विचारलंही, "कशी आहे मॅडम?" ग्लेनिसचा राग ओसरला नाही, पण त्यावर कडेने साय धरायला लागली. भाऊच तो. जाणार कुठे? एकदा तिने त्याच्यासाठी कोकराच्या फासळ्या आणल्या.

ठरलेल्या दिवशी तिने नव्या पुडक्यातला लहानसा उंदीर नीट वितळवला, ऊबदार केला आणि लांब चिमट्याने पेटीत धरला. डल्सी हलेना. ग्लेनिसचा हात दुखायला लागला. मग ते जुनं डोकं सावकाश वर आलं, थांबलं, आणि झडप पडली. वेटोळं आवळलं गेलं. ग्लेनिसने चिमटा मागे घेतला तेव्हा तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

पुढचे काही दिवस ती श्वास रोखून होती. डल्सीने काही ओकलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धोका टळला म्हणायचा."

नेव्हिल चहाचा मग घेऊन दारात उभा राहून ऐकत होता. तिने फोन ठेवल्यावर हसला.

"बघ! ठणठणीत आहे. आणि तू केवढं आकांडतांडव केलंस! माझ्याकडून फ्रीझर काय घासून घेतलास, चाळीस उंदीर काय फेकलेस. सांगत होतो ना, काही होत नाही."

ग्लेनिस त्याच्याकडे वळली. तो खरंच तसं समजत होता. अपराध केला त्याने, भोगलं डल्सीने, आणि ती वाचली म्हणून हा निर्दोष सुटला होता, स्वतःच्याच कोर्टात.

"तुझं सामान भर," ती म्हणाली.

"काय?"

"रविवारपर्यंत खोली रिकामी कर. बिअरचा फ्रिज घेऊन जा."

"ग्लेन, वेडी झालीस? अजगर जगला म्हणून भावाला घराबाहेर काढतेस?"

"जगली म्हणूनच," ग्लेनिस म्हणाली. "मेली असती तर मी रडत बसले असते. तू पाठीवर हात ठेवला असतास, आणि मी तुला मरेपर्यंत ठेवून घेतलं असतं."

नेव्हिल चहाचा मग खाली ठेवून पुढे आला. पण तिने पाठ फिरवली होती आणि त्याच्यासाठी शिजत ठेवलेल्या फासळ्यांखालचा गॅस बंद करायला ती स्वयंपाकघरात गेली होती.