वन्संचा समोरचा दात

माझ्या थोरल्या नणंदेच्या जिभेला हाड नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी मागाहून चुगली केली असं व्हायला नको. मी त्यांना वन्सं म्हणते. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. मागे पडदा, दोन बाजूंना दोन दिवे, मधे फिरतं स्टूल आणि कॅमेऱ्यामागून वन्संचा आवाज: "दात दिसू देत जरा. तोंड मिटूनच बसायचं होतं तर घरी बसायचं." मग गिऱ्हाइकाला कित्ता म्हणून स्वतःचे दात दाखवायच्या. दात खरंच देखणे होते आणि हे त्यांना पुरेपूर ठाऊक होतं. शोकेसमधला सगळ्यात मोठा फोटो त्यांचाच.

माझा नवरा त्यांचा पाठचा भाऊ. याच्या आतड्याला सूज, जखमा, सतत रक्त जायचं. कुणाकडे गेलो की हा यजमानांच्या आधी संडास शोधायचा. औषधं थकली तेव्हा संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी दोघा भावंडांचं रक्त तपासलं. जनुकातला दोष दोघांत तोच निघाला.

"शरीराचे पहारेकरी घरच्यांनाच चोर समजून बडवतात, तसा हा आजार," त्या म्हणाल्या. "दोष सारखाच, पण ताईंचे पहारेकरी शांत आहेत. त्यांच्या आतड्यातले जंतू त्यांना आवरत असावेत, असा आमचा अंदाज. ते जंतू भावाला देऊन बघू. गुण येईलच असं नाही."

नाहीतर आतड्याचा तुकडा कापायचा, हे ठरलेलं होतं.

जंतू आपल्या शौचातून घेणार हे कळलं आणि वन्संची बोलती बंद झाली. लग्न झाल्यापासून हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाल्या, "लहानपणी याचे लंगोट मी धुतले. आता त्यानं फेडायचं, तर उलट मीच द्यायचं?" आणि लगेच तयार झाल्या.

अट एक होती. वन्संनी अँटिबायोटिक घ्यायचं नाही. त्यानं कामाचे जंतूही मरतात, मग तीन महिने थांबावं लागतं, आणि तोवर माझ्या नवऱ्याची या प्रयोगातली जागा गेली असती.

नेमका तेव्हाच वन्संचा वरचा, अगदी समोरचा दात सुजला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "आधी अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी सूज उतरवू, मग दात वाचवता येईल. गोळ्या नको असतील तर दात काढावा लागेल."

"गोळ्या घे, ताई. मी थांबतो," नवरा म्हणाला. डॉक्टरीणबाईंनीही फोनवर तेच सांगितलं, आधी तुमची तब्येत. मी खाली बघत राहिले. मला वाटत होतं, काढा तो दात. असं वाटल्याची लाजही वाटत होती.

वन्संनी माझ्याकडे बघितलं. "तुझ्या मनात काय आहे ते कळतंय मला. उगाच खाली बघू नकोस." आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "काढा." एरवी साधा काटा रुतला तरी घर डोक्यावर घेणारी ही बाई. त्या दिवशीही घेतलंच. बाहेर बसलेला एक पेशंट तर न दाखवताच घरी गेला.

जखम भरल्यावर वन्संची पुन्हा तपासणी झाली आणि त्या पास झाल्या. मग डॉक्टरीणबाईंकडे त्यांच्या बसच्या फेऱ्या सुरू झाल्या. नमुन्याचा डबा कॅमेऱ्याच्या बॅगेत. कुणी धक्का दिला की डाफरायच्या, "सांभाळून हो, महागाची लेन्स आहे." स्टुडिओत मात्र त्या ओठ मिटून हसू लागल्या. ते मला बघवत नसे.

हळूहळू नवऱ्याचं रक्त जाणं थांबलं. जंतूंमुळे की आणखी कशामुळे, ते डॉक्टरीणबाई अजून तपासतायत. परवा हा आपण होऊन स्टुडिओत आला, वन्संना ओढून शेजारी बसवलं आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. सकाळभर तिथे बसला, पण संडास कुठे आहे हे एकदाही विचारलं नाही. हे वन्संच्याच आधी ध्यानात आलं. त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, दात दिसू देत जरा," तो म्हणाला.

वन्सं खदखदून हसल्या, खिंडारासकट. मी बटण दाबलं.

शोकेसमधला मोठा फोटो आता तो आहे. गिऱ्हाइकं विचारतात, "बाई, समोरचा दात कुठे गेला हो?"

"भावाच्या पोटात आहे," वन्सं सांगतात. "तिथं जास्त कामाचा आहे. बसा सरळ."